डोंग्यातलं तिसरं माणूस

सावळापूर (पुनर्वसन), जि. अमरावती
२२ मे २००५

प्रिय गफ्फार,

जय भीम आणि सलाम.

दोन वर्षांत तुला पत्र नाही आणि आता लिहितोय ते कामासाठी, म्हणून हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुला माहीतच आहे, धरणात गाव गेलं तेव्हा माझी जमीनही गेली आणि मी वखर सोडून वल्हं धरलं. आता गावातले कापूसवाले मला म्हणतात, "देवमन, तुही जमीन बुडाली म्हणून तू वाचला." गेल्या सहा महिन्यांत आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून तिघा कापूसवाल्यांनी कर्जापायी जीव दिला, तीन बाया उघड्या पडल्या. त्यामुळे या बोलण्यावर हसावं की नाही, ते मला समजत नाही.

माझं काम असं आहे. मी आणि दुर्गा डोंगा घेऊन धरणाच्या वरच्या अंगाला जातो, लांब दोरीला गळ लावून मरळ धरतो. मरळ मासा मोठा नखरेल. मेलेल्या चाऱ्याकडे ढुंकून पाहत नाही, त्याला बोटाएवढी जित्ती मासोळी लागते. ती मी सकाळी काठाजवळ जाळ्यात धरतो आणि बादलीत ठेवतो. वर पोचेपर्यंत दीड तास लागतो. नऊ वाजले की बादलीतलं पाणी चहासारखं होतं आणि मासोळ्या पोट वर करून तरंगतात. मग गळाला काय माझं बोट लावू?

तू फ्रिज दुरुस्त करतोस. आयटीआयमध्ये एका बाकावर बसून आपण शिकलो, त्यातलं माझ्या डोक्यात काही राहिलं नाही, तुझ्या डोक्यात राहिलं. पाणी दुपारपर्यंत थंड राहील अशी एखादी टाकी डोंग्यात बसवता येईल का? इथे फवारणीच्या औषधाचा निळा ड्रम फुकट मिळत होता. दुर्गानं त्याला हात लावू दिला नाही. म्हणाली, "त्याच्यातलं पाणी मासोळी पिईल, मासोळी मरळ खाईल, अन् मरळ लोकं खातील. त्यापरीस उपाशी राहू." तिचं मला पटलं.

अनीसाभाभींना नमस्कार.

तुझा,
देवमन

•

अकोला
४ जून २००५

देवमन,

सलाम, जय भीम, आणि तू मागितल्या तेवढ्या शिव्या.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकाचा फ्रिज उघडा पडला होता, तो तसाच राहिला. आयुष्यभर लोकांच्या घरचे मेलेले मासे थंड ठेवायची कामं केली, जित्ते ठेवायचं काम पहिल्यांदा आलं. तुझी टाकी मी बनवणार. पैशाचं नाव काढलंस तर त्याच टाकीत तुला बुडवीन.

यात अवघड काही नाही. फ्रिज म्हणजे काय? एका डब्यात दुसरा डबा आणि मधल्या जागेत असं काहीतरी, जे गरमीला आत येऊ देत नाही. मशीन नंतरची गोष्ट. मी जस्ती पत्र्याच्या दोन पेट्या करतो, एकीत दुसरी. मध्ये चहूकडून दोन इंच थर्माकोल. वरून झाकण. सकाळी गार पाणी भरलंस की दोन वाजेपर्यंत गारच राहील. मासोळ्यांना हवा लागते, त्यासाठी दर घंट्याला तांब्याभर पाणी काढून उंचावरून परत त्यातच ओतायचं. एवढं वहिनींकडे दे, तुझ्या लक्षात राहणार नाही.

डोंग्याची मापं पाठव. रुंदी, लांबी आणि तुम्ही दोघं बसल्यावर काठ पाण्याच्या किती वर राहतो ते. मी जन्मात डोंग्यात बसलेलो नाही. मला पोहताही येत नाही. आमच्या मोर्णा नदीत पोहावं इतकं पाणी अल्लाहनं कधी दिलंच नाही.

इकडे सगळं ठीक. अब्बांनी जायच्या आठवड्यात पिंजलेल्या कापसाचं शेवटचं पोतं माळ्यावर आहे, ते तुला आठवतं का? आठ वर्षं झाली. अनीसा म्हणते त्याची रजई करू. मी करू देत नाही. फोमच्या गाद्या आल्यापासून कापूस पिंजायला कोणी येत नाही, आमच्या गल्लीतली शेवटची पिंजण मागच्या वर्षी भंगारात गेली. त्या पोत्याला हात लावावासा वाटत नाही.

गफ्फार

•

सावळापूर
१० जुलै २००५

प्रिय गफ्फार,

मापं सोबतच्या कागदावर आहेत. डोंगा सागाचा, चौदा फुटी, माझ्या सासऱ्यानं दिलेला. दोघं बसलो की काठ पाण्याच्या वर एक वीत राहतो. बोटं आडवी लावून मोजली, बारा भरली. धरणावर माणूस हेच माप मोजतो. आठच्या खाली गेलं की कोणीतरी उतरायचं, असा माझ्या सासऱ्याचा नियम होता.

सध्या मासेमारी बंद आहे, माशांचे अंडी द्यायचे दिवस. मी जाळी विणतोय. दुर्गा सोयाबीनच्या निंदणाला जाते. प्रियदर्शनी बारावीला गेली, तिला शहरात शिकायचं आहे. ऑक्टोबरात मरळ चांगली लागली तर तिला पाठवता येईल, नाहीतर तीही आईमागे निंदणाला जाईल. ही गोष्ट मी दुर्गालाही बोललो नाही, तुला लिहितोय. माझा सगळा भरवसा तुझ्या पेटीवर आहे.

डोंग्याची तुला भीती वाटते हे वाचून दुर्गा फार हसली. तिलाही पोहता येत नाही. रोज माझ्यासोबत बसते आणि दोन्ही हातांनी काठ धरून ठेवते. अकरा वर्षं झाली, अजून हात सोडत नाही.

तुझा,
देवमन

•

अकोला
८ सप्टेंबर २००५

देवमन,

पेटी तयार झाली. तुमच्या फाट्यावरून जाणारी धामणगावची एसटी आमच्या मोहल्ल्यातला जानराव चालवतो. त्याच्या गाडीच्या टपावर बांधून पाठवतोय. फाट्यावर गोवर्धनच्या चहाच्या टपरीत उतरवून ठेवेल.

उशीर झाला त्याला कारण आहे. काल गणपती बसले, आणि महिनाभर आधीपासून अकोल्यातला सगळा थर्माकोल मखरांना लागला. मी रोज दुकानं फिरलो. शेवटी झालं एकदाचं काम. पेटीत चहूकडून दोन इंच भरीव माल आहे. फ्रिजवाल्याची नाही, पिंजाऱ्याच्या पोराची शपथ, याहून चांगला थर कंपनीच्या फ्रिजलाही नसेल. पत्र्याच्या सांध्यांना डाख मी स्वतः लावलाय. आत पाणी भरून दोन दिवस ठेवलं, थेंब बाहेर आला नाही.

आता नीट ऐक. पेटी डोंग्याच्या मधोमध ठेवायची आणि दोरीनं बांधायची. गाठ अशी मार की एका झटक्यात सुटेल. वाराबिरा सुटला तर पेटी पाण्यात ढकलून देता आली पाहिजे. आणि खिळा मारू नकोस. एकही नाही. माझ्या पत्र्याला भोक पाडलंस तर माझी कारागिरी वाया जाईल आणि मग मी तुला तोंड दाखवणार नाही.

मी स्वतःच घेऊन आलो असतो, पण माळ्यावरून एक जुनं सामान काढताना शिडी सरकली. पाय मुरगळलाय थोडा. अनीसा रुसून बसली आहे, त्याचं कारण वेगळं आहे, पुढे सांगेन.

गफ्फार

•

सावळापूर
१८ सप्टेंबर २००५

प्रिय गफ्फार,

हात चुमावेत तुझे!

काल साडेबाराला झाकण उघडलं आणि सगळ्या मासोळ्या सुळसुळ फिरत होत्या. पाण्यात हात घातला तर माठातल्या पाण्यात घातल्यासारखं वाटलं. चाळीस गळांपैकी अकरांना मरळ. अकरा! किसनराव धरणावरचा सगळ्यात जुना माणूस, कोणाचं कौतुक करायला त्याची जीभ जड होते. तोही पेटीवर हात फिरवून म्हणाला, "कारागीर बाकी पक्का हाये तुहा."

पेटी पक्की बसवली आहे, काळजी करू नकोस. हलत नाही. पाणी भरून, आम्ही दोघं बसून काठ दहा बोटं वर राहतो. दोन बोटं तुझ्या पेटीची. ती मी आनंदानं दिली.

दुर्गा दर घंट्याला तांब्या ओतते. म्हणते, "सासरी आल्यापासून देवपूजा सोडली, आता मासोळ्यायले अभिषेक घालून राहिली."

पाय कसा आहे? मुरगळलेल्या पायाला चुना-हळद लाव.

तुझा,
देवमन

•

अकोला
२६ सप्टेंबर २००५

देवमन,

अकरा मरळ वाचून मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. किसनरावांना माझा सलाम सांग आणि त्यांचं वाक्य लिहून माझ्याकडे पाठव, फ्रेम करून लावतो.

दोरी नायलॉनचीच घेतलीस ना? सुतळी पाण्यात कुजते. दर आठवड्याला गाठ बघत जा.

पायाचं तुला खरं सांगतो, मुरगळला नाही, मोडलाय. दोन महिन्यांचं प्लास्टर. उगाच तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. खाटेवर बसून पंखे दुरुस्त करतोय. माणूस खाटेवर पडला की नको ते विचार करतो. रात्रंदिवस तुझी पेटीच डोळ्यांसमोर असते. पाणी भरतोस ते आतल्या डब्यातच ना? दोन डब्यांच्या मध्ये कुठून पाणी जात नाही ना? सहज विचारलं. तिथे पाणी जायला वाटच नाही, मीच डाख लावलाय.

गफ्फार

•

सावळापूर
५ ऑक्टोबर २००५

प्रिय गफ्फार,

मोडलेल्या पायाला मुरगळलेला म्हणणारा तू एकटाच. काळजी घे. रोजे सुरू झाले असतील, डॉक्टर धरू देतो का ते विचार.

इकडची थोडी तक्रार आहे, रागावू नकोस. चार-पाच दिवसांपासून मासोळ्या परत मरताहेत. अकरा वाजता पाणी कोमट होतं. आश्विनातलं ऊनही असं आहे की कपाळ फुटावं. तुझ्या पेटीला दोष देत नाही. दुर्गाला घंट्याला दोन तांबे ओतायला सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी आहे. दुर्गा डोंग्यात बसायला कुरकुर करते. म्हणते, "डोंग्यात आपल्या दोघायसंगं कोणीतरी तिसरं बसते. मले वजन समजते त्याचं." आमचं जुनं गाव खाली पाण्यात आहे, मसणवटाही तिथेच. गावातल्या बायांनी तिच्या डोक्यात काहीतरी भरवलं असणार. मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई तू, भुताखेताच्या गोष्टी करतेस? प्रियदर्शनीसमोर पुन्हा असं बोलायचं नाही. आता ती काठ आणखी घट्ट धरते.

काठ मात्र थोडा खाली बसलाय, हे खरं. परवा सात बोटं होता, आज सकाळी पाच. बंदीचे दोन महिने डोंगा छपराखाली कोरडा पडून होता, सागाचं लाकूड पाणी पिऊन घेतं आणि मग थांबतं. सासऱ्याचा आठ बोटांचा नियम आहे, पण तो लाटांच्या दिवसांसाठी. आता पाणी शांत आहे.

येत्या बुधवारी दसरा. आमचे सगळे दीक्षाभूमीला नागपूरला जातात. सडकेनं फाट्याला जायचं तर धरणाला वळसा घालून बावीस किलोमीटर, म्हणून दरवर्षी मी डोंग्यानं पलीकडे सोडतो. या वेळी दोन फेऱ्या करीन. पहिलीत दुर्गा आणि प्रियदर्शनी, नऊ वाजता. दुसरीत किसनराव आणि त्यांच्या घरचे चार जण. मग फाट्यावरून धामणगाव, आणि तिथून रेल्वे.

तुझा,
देवमन

•

अकोला
मंगळवार, ११ ऑक्टोबर २००५, सायंकाळ

देवमन,

डोंग्यात बसू नकोस. हे पत्र हातात पडेल तिथून एक पाऊलही पाण्यात टाकू नकोस. कोणालाही बसवू नकोस.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तुमच्या ग्रामपंचायतीला सात वेळा फोन लावला, घंटीच जात नाही. मला उठता येत नाही. ही चिठ्ठी जानरावच्या हातात देतोय, तो उद्या साडेदहाला गाडी घेऊन तुमच्या फाट्यावर येईल आणि गोवर्धनकडे देईल. तुझी पहिली फेरी नऊला. माझं गणित जमत नाही, देवमन. पहिली फेरी नीट पार पडो आणि दुसरी सुटायच्या आधी तुझ्या हातात हे पडो, एवढंच मागतोय.

पेटीत थर्माकोल नाही. कापूस आहे.

थर्माकोल मिळालाच नाही, आणि मी तुला जबान दिली होती. अब्बांचं पोतं माळ्यावरून काढलं, तेव्हाच पाय मोडला. सगळा कापूस दोन पेट्यांच्या मध्ये दाबून दाबून भरला. अनीसा त्यावरूनच रुसली होती. मला वाटलं, रजई थंडी आत येऊ देत नाही तशी गरमीही येऊ देणार नाही. वाटलं ते खरंही होतं. पण थर्माकोल म्हणून आधी लिहिलं होतं, आता कापूस म्हटलं तर तू म्हणशील, पिंजाऱ्याचं पोर शेवटी पिंजारीच. लाज वाटली. म्हणून 'भरीव माल' लिहिलं.

आज दुपारी अनीसानं रजया गच्चीवर वाळत टाकल्या होत्या. तिसऱ्या प्रहरी एकाएकी पाऊस आला. एक रजई भिजली. अनीसा आणि शेजारीण, दोघींनी धरली तरी ती उचलेना, जिन्यावरून ओढत आणली. मी खाटेवरून पाहत होतो. तुझं पत्र मांडीवर होतं.

कुठूनतरी पाणी आत गेलंय. थर ओला झालाय म्हणून पाणी कोमट होतं. काठ म्हणूनच बसतोय. लाकूड पाणी पीत नाहीये, माझा कापूस पितोय. त्या पेटीत आज एका माणसाचं वजन आहे. वहिनींना मूर्ख म्हणू नकोस. त्यांनी बरोबर ओळखलं.

दोरी सोड आणि पेटी पाण्यात ढकलून दे. त्याचं दुःख मला नाही. मला शिव्या दे, माझं तोंड पाहू नकोस, पण आधी ती पेटी फेक.

गफ्फार

•

सावळापूर
२७ ऑक्टोबर २००५

(गफ्फारकाका, आई सांगते तसं मी लिहीत आहे. तिच्या बोलण्यात मी बदल केला नाही. – प्रियदर्शनी)

गफ्फारभाऊ,

जय भीम.

तुमाले जानरावाच्या तोंडून समजलंच असन. दसऱ्याच्या दिवशी प्रियदर्शनीचे बाबा गेले. तिसऱ्या दिवशी सापडले. मी तुमाले आधी लिवनार होती, पन हात उचलला नाई.

सगळं सांगते. त्या दिवशी आमी तिघं पलीकडं गेलो. काठ तीन बोटं उरला होता. पोरगी सारी वाट ग्लासानं पानी उपसून राहिली होती. ते म्हनत, "भेता काहून? मी हावो ना." पोचलो. गोवर्धनच्या टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात एसटी आली अन् गोवर्धननं तुमची चिठ्ठी देल्ली. त्याईनं दोन डाव वाचली. तोंड उतरलं. मी म्हटलं, "काय लिवलं?" तर म्हनाले, "काई नाई, गफ्फारचा पाय बरा होऊन राहिला." अन् चिठ्ठी खिशात घातली.

मंग आमाले म्हने, "तुमी दोघी हेच गाडी धरा. मी मागून येतो. किसनरावाले सांगाव लागते का फेरी बंद." मी म्हटलं सडकेनं जा. म्हनाले, "डोंगा इथं सोडला तं कोनीतरी घेऊन जाईन, अन् त्याच्यात कोनी बसू नये." पेटीतलं सारं पानी उपसून टाकलं. तोंडानं हसले अन् म्हनाले, "पाह्य, आता हलकी झाली." पेटी ढकलून पाह्यली, पन निंगाली नाई. पहार घरी होती. "घरी जातो, पेटी उपटतो, अन् तीनच्या गाडीनं येतो." आमी गाडीत बसलो. खिडकीतून हात केला.

किसनराव त्या काठावर उभे होते. त्याईनं पाह्यलं. अर्ध्या पान्यात वारा आला, लाटाचं पानी डोंग्यात भरलं, अन् डोंग्यानं मान टाकल्यावानी तोंड खाली केलं. हे पोहनारे होते, भाऊ. मासोळीवानी पोहत. पन गळाची दोरी पायाले गुंडाळली.

आता जे सांगाचं ते सांगते. पेटीले खिळे मीच मारायले लावले. ते दोरीनंच बांधत होते. पेटी सरके अन् मले भेव वाटे. ते म्हनाले, "गफ्फारनं खिळा मारू नोको म्हनून लिवलं." मी म्हटलं, "गफ्फारभाऊ अकोल्यात बसून हायेत, डोंग्यात मी बसते." मंग त्याईनं आतून सहा खिळे मारले, वरून डांबर लावलं, अन् मले म्हनाले, "त्याले सांगू नोको, त्याच्या कारागिरीले नाव ठेवल्यावानी होईन." सारं गाव म्हनते, दोरी असती तं पेटी फेकून देल्ली असती अन् मानूस वाचला असता. तोंडावर कोनी बोलत नाई. पन मले समजते. माह्या सहा खिळ्यायनं मारलं त्याईले. मी जेवन करते, कामाले जाते, पन हे डोक्यातून जात नाई. त्याईचं माप मीच भरलं.

दोन गोष्टी इचारते. चिठ्ठी खिशात सापडली, पन शाई धुवून गेली. वर 'देवमन' अन् खाली तुमचं नाव, एवढंच उरलं. मरनाच्या घंटाभर आधी त्याईनं काय वाचलं, ते मले पाह्यजे. तुमी काय लिवलं होतं?

अन् दुसरं. डोंगा काढला तवा पेटी त्याच्यातच होती. चौघायले उचलली नाई. काठावर पडून हाये. प्रियदर्शनी म्हनते, थर्माकोल पान्यावर तरंगते, शाळेत शिकवलं. मंग हे बुडाली काहून? लोकं म्हनतात फोडून पाहू. मी फोडू देल्ली नाई. म्हटलं, त्याईच्या दोस्ताची कारागिरी हाये, त्याईची आठवन हाये.

दुर्गा

•

अकोला
२४ नोव्हेंबर २००५

दुर्गावहिनी,

तुमचं पत्र मला ऑक्टोबरातच मिळालं. ईद झाली, दिवाळी झाली, मी उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. तिन्हींत मी तुमचं सांत्वन केलं होतं आणि पेटीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. पहिल्यांदा वाटलं, चिठ्ठीची शाई धुऊन गेली, आता कोणाला कळणार? हे मी मनात आणलं, तेही तुम्हाला कळलं पाहिजे.

चिठ्ठीत मी लिहिलं होतं की पेटीत थर्माकोल नाही, कापूस आहे. माझ्या बापाच्या हातचा कापूस. देवमनला मी थर्माकोल सांगितला आणि कापूस भरला, आणि लाजेपायी लपवलं. खिळा मारू नकोस म्हणालो, पण का ते सांगितलं नाही. कारागिरी वाया जाईल असं खोटंच कारण दिलं. 'आत कापूस आहे, भिजला तर दगड होईल' एवढी एक ओळ मी लिहिली असती, तर त्यानं खिळा मारला नसता आणि तुम्हीही मारू दिला नसता.

तुमच्या सहा खिळ्यांनी पत्र्याला भोकं पडली हे खरं. पण आत थर्माकोल असता तर सहा काय, साठ खिळे मारले असते तरी काही झालं नसतं. पेटी हलकीच राहिली असती. उलट डोंगा उलटला असता तर त्याला धरून देवमन तरंगला असता. प्रियदर्शनी बरोबर शिकली आहे. तुम्हीही पहिल्यापासून बरोबर होता. डोंग्यात तिसरं कोणीतरी बसतं, असं तुम्ही म्हणालात. ते मी बसवलं होतं.

त्यानं तुम्हाला माझा पाय बरा होतोय म्हणून सांगितलं. सगळं वाचून, सगळं कळूनही तुमच्यासमोर माझी लाज राखली. मी त्याच्याशी खोटं बोललो आणि तो माझ्यासाठी खोटं बोलला. तुमचं पत्र आल्यापासून मी याच गोष्टीपाशी येऊन थांबतो.

वहिनी, तुमच्या मनातले ते सहा खिळे काढून टाका. माफी मागत नाही, ती तुम्ही द्याल अशी मला भीती वाटते.

प्लास्टर निघालं आहे. काठीनं चालता येतं. पुढच्या रविवारी जानरावच्या गाडीनं येतोय. किसनरावांना आणि जे जे तुमच्या पाठीमागे बोलतात त्या सगळ्यांना काठावर बोलावून ठेवा. पत्रा कापायची कात्री मी आणतो. ती पेटी मी माझ्या हातानं सगळ्यांसमोर उघडीन आणि आत काय आहे ते माझ्या तोंडानं सांगीन. तोवर फोडू देऊ नका.

गाडी साडेदहाला फाट्यावर येते. मला घ्यायला कोणी येऊ नका. डोंग्यानं तर मुळीच नाही. सडकेनं बावीस किलोमीटर आहे, मी चालत येईन.

गफ्फार